गोळी, इंजेक्शन बंद केल्यावर पाळी कधी येते? दिवस कधी राहतात?

बोईसर : बोईसरला 'पाळी' म्हटलं की आधी कंपनीची पाळी आठवते. पहिली, दुसरी, रात्रीची. बायकांच्या पाळीबद्दल बोलायचं तर मेडिकलवरची गर्दी ओसरायची वाट बघायची, नाहीतर आशाताईला घराच्या मागच्या बाजूला बोलवायचं. अशा दबक्या आवाजात विचारले जाणारे दोन प्रश्न आहेत. एक, "इंजेक्शन बंद करून पाच महिने झाले, पाळीचा पत्ता नाही, आता मूल होईल ना?" दुसरा बरोबर उलटा, "पाळीच आली नव्हती, मग दिवस गेले कसे?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत : बाई कोणतं साधन वापरत होती आणि त्यातलं औषध शरीरातून संपायला किती काळ लागतो.

घाईत वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, रोजची गोळी बंद केल्यावर पाळी बहुतेकींना महिना-दीड महिन्यात येते, तीन महिन्यांपर्यंत वाट पाहायला हरकत नसते. 'अंतरा' इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने लागतात. तांबी काढली की लगेचच दिवस राहू शकतात. यांपैकी कोणत्याही साधनाने बाई कायमची वांझ होत नाही. 'सुनेने इंजेक्शनं घेतली म्हणून पोर होत नाही' असं घराघरांत बोललं जातं, त्याला वैद्यकीय आधार नाही.

आधी साधन कोणतं, ते ओळखा

'सरकारी गोळी घेत होते' एवढ्यावर काही ठरवता येत नाही, कारण सरकारी दवाखान्यात दोन अगदी वेगळ्या गोळ्या मिळतात. 'माला-एन' ही रोज घ्यायची हार्मोनची गोळी. पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यांतल्या २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. दुकानात मिळणारी 'माला-डी' याच प्रकारची. 'छाया' ही मात्र हार्मोनची गोळी नाही. तिच्यातलं औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं आणि १९९० च्या दशकापासून 'सहेली' या नावाने मिळतं. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घेतात. 'अंतरा' म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. तांबी, म्हणजे कॉपर-टी, यात हार्मोन नसतं. खासगी दवाखान्यात हार्मोन असलेली तांबीही बसवतात. ती वेगळी, आणि बसवून घेतलेली कोणती हे बाईला माहीत असलं पाहिजे. पाकीट किंवा कार्ड जपून ठेवलं तर पुढे डॉक्टरांचा आणि आपला दोघांचा वेळ वाचतो.

माला-एन बंद केल्यावर

गोळी चालू असताना दर महिन्याला जे अंगावरून जातं ती खरी पाळी नसते. बाहेरून मिळणारं हार्मोन सात दिवस थांबतं, म्हणून गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. या काळात अंडाशय विश्रांतीवर असतो, बीज तयार होत नाही. पाकीट संपवून गोळी सोडली की दोन-चार दिवसांत असाच एक रक्तस्राव होतो. तो शेवटचा 'गोळीचा' स्राव. त्यानंतर मेंदूकडून अंडाशयाला पुन्हा संदेश जायला लागतात, बीज तयार होतं आणि त्यापुढे दोन आठवड्यांनी स्वतःची पाळी येते. म्हणून हिशेब महिना-दीड महिन्याचा. काहींचं हे चक्र बसायला दोन-तीन महिने लागतात, एखाद्या महिन्यात पाळी ४० दिवसांवर जाते, पुढच्या महिन्यात २५ वर येते. एवढ्याने घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणींना खटकते. गोळीवर असताना पाळी वेळच्या वेळी यायची, कमी जायची, पोटात दुखायचं नाही. सोडल्यावर पुन्हा जास्त जातं, ओटीपोटात कळा येतात, तोंडावर पुटकुळ्या उठतात, कधी केस गळतात. मग 'गोळीने शरीर बिघडवलं' असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेकदा गोळी सुरू करण्याआधीचीच जुनी पाळी परत आलेली असते, मधली काही वर्षं गोळीने ती झाकून ठेवली होती. लग्नाआधी जिची पाळी दोन-दोन महिने लांबायची, तिची गोळी सोडल्यावरही तशीच लांबणार. पीसीओएस म्हणजे अंडाशयात बारीक गाठींसारख्या पिशव्या दिसण्याचा आजार, किंवा थायरॉईडचा त्रास, गोळी चालू असेपर्यंत लक्षात येत नाही आणि सोडल्यावर उघडा पडतो. दोष गोळीवर जातो, आणि खऱ्या आजाराचे उपचार मात्र मागे पडतात.

रक्त कमी असलेल्या बाईने आणखी एक लक्षात ठेवावं. गोळी सोडली की पाकिटातल्या लोहाच्या सात गोळ्याही थांबतात आणि पाळीचं रक्त वाढतं. दोन्ही एकदम होतं. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या मागून घ्याव्यात.

मूल हवं असेल तर 'गोळी सोडून सहा महिने शरीर साफ होऊ द्या' हा सल्ला जुना आणि निराधार आहे. औषध काही दिवसांत शरीरातून जातं. चुकून दिवस राहिल्यावरही गोळी चालू राहिली असेल तर त्यामुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. मात्र दिवस राहिल्याचं कळताच गोळी थांबवायची. युरोपातल्या अनेक देशांमध्ये गोळी सोडणाऱ्या बायकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल व्हावं म्हणून गोळी सोडलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के बायकांना पहिल्याच चक्रात दिवस राहिले, वर्षभरात ७९ टक्क्यांना. गोळी कधीच न घेतलेल्या जोडप्यांचंही साधारण असंच असतं.

'अंतरा' : इथे धीर लागतो

सर्वात जास्त गैरसमज याच इंजेक्शनाभोवती आहेत, आणि त्याला कारणही आहे. 'अंतरा'मध्ये मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनचा १५० मिलिग्रॅमचा डोस असतो. तो स्नायूत दिला जातो आणि तिथे साठून हळूहळू रक्तात उतरतो. म्हणूनच सिस्टर सांगतात की टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका, नाहीतर औषध लवकर उतरतं. गोळी सकाळी बंद करता येते, तांबी काढून टाकता येते, पण एकदा दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. ते संपेपर्यंत थांबावंच लागतं, आणि संपण्याचा वेग बाईगणिक वेगळा.

इंजेक्शन चालू असताना पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून डाग लागतात, अवेळी जातं. पुढे पाळी कमी होत जाते आणि वर्षभर घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्या बायकांची पाळी थांबते. ते रक्त 'आत साठत' नाही. अस्तरच तयार होत नसल्याने बाहेर पडायला काही नसतं. उलट ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांचं रक्त वाचतं.

शेवटच्या इंजेक्शनाचा पक्का भरवसा तीन महिन्यांचा. त्यानंतर औषधाचा उरलेला अंश जायला आणखी काही महिने लागतात. समजा शेवटचं इंजेक्शन १५ जूनला घेतलं. १५ सप्टेंबरला पुढचं घ्यायचं होतं, ते घेतलं नाही. तर दिवस राहण्याची शक्यता साधारण जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान धरायची. घरात मात्र दसरा-दिवाळीपासूनच विचारणा सुरू होते, आणि मार्चपर्यंत बाई 'दोषी' ठरलेली असते. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात दिलेले आकडे बघा : मूल हवं म्हणून इंजेक्शन सोडलेल्या बायकांपैकी शेवटच्या इंजेक्शनपासून १२ महिन्यांत ६८ टक्के, १५ महिन्यांत ८३ टक्के आणि १८ महिन्यांत ९३ टक्के बायकांना दिवस राहिले. किती इंजेक्शनं घेतली यावर हा काळ अवलंबून नसतो. दोन घेतली काय किंवा दहा घेतली काय, मोजायचं शेवटच्या इंजेक्शनापासून. डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १८ हजार बायकांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये आला, त्यातही हाच क्रम दिसला. सुपीकता पूर्ववत व्हायला इंजेक्शननंतर पाच ते आठ चक्रं, गोळीनंतर तीन, तांबीनंतर दोन.

यातून निघणारा व्यवहारी अर्थ असा की ज्या जोडप्याला वर्षभरातच मूल हवं आहे, त्यांनी 'अंतरा' सुरूच करू नये. त्यांच्यासाठी निरोध, गोळी किंवा तांबी बरी. ज्यांना दोन-तीन वर्षांचा पाळणा लांबवायचा आहे, किंवा रोज गोळी खाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी इंजेक्शन सोयीचं. कंपनीत आठवड्याला पाळ्या बदलणाऱ्या बाईची रोजची गोळीची वेळ चुकते, तिलाही ते सोपं पडतं.

हे इंजेक्शन सरकारी कुटुंब नियोजनात आलं ते २०१७ मध्ये, आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. त्याआधी १९९३ पासून ते खासगीत मिळत होतं. गर्भनिरोधक इंजेक्शनांवरचा वाद त्याहून जुना. 'नेट-एन' या दुसऱ्या इंजेक्शनाविरुद्ध १९८६ मध्ये हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेसह महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. बायकांना पुरेशी माहिती न देता, समजावून न सांगता इंजेक्शन टोचलं जातं, हा त्यातला एक मोठा आक्षेप होता. तो आजही विसरण्यासारखा नाही. 'पाळी थांबू शकते' आणि 'सोडल्यावर मूल व्हायला वेळ लागेल' ही दोन वाक्यं टोचण्याआधी, बाईला कळेल अशा बोलीत, शक्य तर नवऱ्यासमोर सांगितली गेली तर नंतरचा निम्मा मनस्ताप वाचेल.

स्थलांतर आणि चुकलेली तारीख

जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला उतरतात ती पावसाच्या तोंडाशी परततात. बोईसरच्या चाळीत राहणारी परप्रांतातली बाई लग्नसराईत महिना-दीड महिना गावी जाते. इंजेक्शनाची तारीख नेमकी तेव्हाच येते. सरकारी नियमानुसार पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत घेता येतं. त्यापुढे उशीर झाला तर आधी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून मगच देतात. कार्ड सोबत असेल तर जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस मागता येतो. कार्ड पेटीत कुलपात आणि बाई भट्टीवर, असं झालं की सगळी साखळी तुटते.

तारीख चुकली, पण पाळी तर नाहीच, म्हणून 'औषध अजून अंगात आहे' असं समजून चालणं इथे नडतं. बीज आधी तयार होतं, पाळी त्यानंतर येते. याचा अर्थ पहिली पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. गोळी सोडल्यावरही तसंच. सरासरीने इंजेक्शननंतर वेळ लागतो हे खरं, पण एखादीला चौथ्या-पाचव्या महिन्यातही दिवस जातात. अंगावर पाजणारी आई असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण पाजण्यानेही पाळी थांबते. पाजण्याचा आधार धरायचा तर तो बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, फक्त अंगावरचंच दूध दिलं जात असेल आणि पाळी आलेली नसेल तरच. तिन्हीपैकी एक अट मोडली की दुसरं साधन हवं. मूल नको असेल तर इंजेक्शनाची मुदत संपताच निरोध तरी वापरायला लागावं. दिवस राहिले का ते पाहण्याचं 'निश्चय' किट आशाताईकडे असतं, लघवीच्या दोन-तीन थेंबांवर पाच मिनिटांत कळतं.

छाया आणि तांबी

यांचं फार सांगण्यासारखं नाही. 'छाया' घेताना पाळी लांबते आणि कमी होते, बंद केल्यावर चक्र पूर्ववत होतं आणि इंजेक्शनासारखी दीर्घ वाट पाहावी लागत नाही. गोळी चालू असताना पाळी १५ दिवसांपेक्षा जास्त लांबली तर मात्र आधी तपासणी करावी. साधी तांबी काढल्यावर चक्र बदलण्याचं कारणच नसतं, उलट तांबीमुळे जास्त जात असेल तर ते कमी होतं. हार्मोनवाली तांबी काढल्यावर पाळी एक ते तीन महिन्यांत येते.

जत्रेसाठी घेतलेल्या गोळ्या, ७२ तासांची गोळी

चैत्र पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, पुढे लग्नं, भाद्रपदात गणपती. या दिवसांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलवरून सर्रास नेल्या जातात. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा जास्त जाते. या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत, हे बहुतेकींना माहीत नसतं. पायात रक्ताची गाठ होऊन गेलेली असेल, लिव्हरचा आजार असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या गोळीने पुढची पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली तर किटवर तपासावं. या गोळीने पुढे मूल होण्यात अडथळा येत नाही, पण त्याच महिन्यात नंतर झालेल्या संबंधांपासून ती वाचवतही नाही.

दवाखाना कधी गाठायचा

गोळी सोडून तीन महिने झाले, किटवर काही नाही आणि पाळीही नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांतून बहुतेक कारणं सापडतात. 'अंतरा'नंतर शेवटच्या इंजेक्शनपासून वर्ष उलटूनही पाळी नसेल तर तपासणी करावी. तासाला एक कापड भिजतंय, आठ दिवसांहून जास्त जातंय, चक्कर येते, तर मात्र महिने मोजत बसू नये. पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला जोराची कळ येते, तर गर्भ नळीत अडकल्याची शक्यता असते. तेव्हा उपकेंद्रात वेळ न घालवता १०८ बोलावून थेट रुग्णालय गाठावं. जिल्ह्याच्या डोंगरी भागाला जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, किनारपट्टीला डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, हमरस्त्याकडच्या गावांना मनोरचं ग्रामीण रुग्णालय जवळ पडतं.

दिवस राहत नाहीत म्हणून तपासणी कधी, याचा सर्वसाधारण नियम असा : वय ३५ च्या आत असेल तर नियमित संबंधांनंतर एक वर्ष, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने. इंजेक्शन घेतलेलं असेल तर हा काळ त्याचा अंमल ओसरल्यावर मोजायचा. आणि तपासणी दोघांची. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत, असतं. वीर्याची तपासणी साधी, स्वस्त आणि बिनत्रासाची आहे. तरीही बाईच्या तीन सोनोग्राफ्या, एक भगत आणि दोन नवस झाल्यावर नवऱ्याची पाळी येते. आपल्याकडे गर्भाशयाच्या नळ्यांना झालेला क्षय हेही वंध्यत्वाचं महत्त्वाचं कारण आहे. त्यात खोकला असतोच असं नाही. घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं.

इंजेक्शन सोडल्यानंतरचे वाट पाहण्याचे महिने वाया घालवू नयेत. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू करायची असते. हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो, तेव्हा नवरा-बायको दोघांची ती तपासणी याच काळात व्हावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आणि पाळी न येताच दिवस गेले तर 'शेवटची पाळी कधी' या प्रश्नाला आठवेल ती तारीख ठोकून देऊ नये. सिस्टरला शेवटच्या इंजेक्शनाची किंवा शेवटच्या गोळीची तारीख सांगावी आणि पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून घ्यावी. बाळंतपणाची तारीख त्यावरूनच नीट काढता येते.